एक काव खजूर: ज्यू धर्मशास्त्रात झाड तोडायला परवानगी कधी मिळते?

साकव

आजोळ अलिबागचं, त्यामुळे 'शनवार तेली' हा शब्द लहानपणापासून कानावर आहे. शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून शनवार तेली, एवढंच आजी सांगायची. ते बेने इस्राएल, म्हणजे ज्यू, हे कळायला कॉलेज उजाडलं. यंदाच्या पावसाळ्यात पाय मुरगळून तीन आठवडे घरी होते, तेव्हा त्यांच्या धर्मशास्त्राचं थोडं वाचन केलं आणि एका ओळीपाशी अडकून बसले. म्हणून हा धागा.

अनुवाद २०:१९ (अनुवाद हे त्यांच्या तोराहतलं, म्हणजे बायबलच्या जुन्या करारातलं एक पुस्तक). प्रसंग युद्धाचा आहे. एखाद्या नगराला पुष्कळ दिवस वेढा पडला असेल तर तिथल्या फळझाडांवर कुऱ्हाड चालवू नकोस, त्यांचं फळ तू खाशील, असा हुकूम आहे. पुढची ओळ साधारण अशी: शेतातलं झाड म्हणजे काय माणूस आहे, की तू त्याला वेढा घालावास? गंमत म्हणजे हिब्रू मुळात प्रश्नचिन्ह नाही. राशी या भाष्यकाराने (१०४० ते ११०५) तो प्रश्न धरला: झाडाचं तुझ्याशी वैर नाही, त्याला पळून तटाच्या आत जाता येत नाही, मग त्याला कशाला मारतोस? इब्न एझ्रा या दुसऱ्या भाष्यकाराने त्याचंच सरळ विधान केलं: माणसाचं जगणं म्हणजे शेतातलं झाडच, ते तोडशील तर खाशील काय? एक दयेवर बोलतो, दुसरा पोटावर.

या एका हुकुमातून 'बाल ताश्खीत' म्हणजे 'नासधूस करू नकोस' हा मोठा नियम उभा राहिला. बाराव्या शतकात माइमोनिडीज या धर्मपंडिताने त्याची यादी वाढवली: भांडी फोडणं, कपडे फाडणं, इमारत पाडणं, झरा बुजवणं, अन्न नासवणं, हे सगळं विनाकारण केलं तर दोष. तालमूदात, म्हणजे रब्बींच्या (धर्मपंडितांच्या) कायदेचर्चांच्या मोठ्या ग्रंथात, रव झुत्रा म्हणून एक जण तर म्हणतात, तेलाचा दिवा झाकून ठेवला किंवा नाफ्त्याचा (खनिज तेलाचा) दिवा उघडा ठेवला तरी बाल ताश्खीत मोडलं, कारण तशाने जळण जास्त जातं. हे वाचल्यावर मला आजी आठवली. 'दिव्याची वात मोठी कशाला, तेल काय आडातून येतं?' असं ती रोज म्हणायची. तिला तालमूद माहीत असण्याचं कारण नव्हतं.

आता शीर्षकातला काव. काव हे माप, साधारण चोवीस अंडी मावतील एवढं. तालमूदाच्या बाबा कामा या प्रकरणात रव नावाचे पंडित म्हणतात, खजुरीचं झाड एक काव फळ देत असेल तोवर ते तोडायचं नाही. ऑलिव्हला पाव काव पुरे, कारण तो मोलाचा. पण लाकडाची किंमत फळापेक्षा जास्त येत असेल तर तोडा. शेजारच्या जास्त मोलाच्या झाडाला त्रास होत असेल तरी तोडा. रव हिस्दांना द्राक्षमळ्यात खजुरी दिसल्या, तेव्हा ते कुळाला म्हणाले, मुळासकट काढ, द्राक्षांच्या पैशातून खजुरी घेता येतील, खजुरींच्या पैशातून द्राक्षमळा यायचा नाही.

आणि त्याच पानावर रब्बी हनीना सांगतात, माझा मुलगा गेला तो एवढ्याचसाठी, की त्याने अंजिराचं झाड वेळेआधी तोडलं.

चोवीस अंड्यांचं माप आणि मेलेला मुलगा एकाच पानावर. मला हेच आवडलं. 'वसुंधरा आपली माता' वगैरे कुठे नाही. झाड किती देतं, तोडणाऱ्याला काय मिळतं, शेजाऱ्याचं काय जातं, याचा हिशेब आहे, आणि हिशेब चुकला तर काय होतं याची भीती. आपल्याकडे झाडांबद्दल अभंग आहेत, पण हिशेब कोणी लिहून ठेवलाय का? इथले जाणकार काय म्हणतात?

टोणगा

धागा छान, पण सगळ्याच पोथ्यांत सगळं असतं. 'पृथ्वी व्यापून टाका, ती ताब्यात घ्या, मासे, पाखरं, जनावरं यांच्यावर सत्ता गाजवा' हे उत्पत्ती १:२८ पण त्यांचंच ना? लिन व्हाइट नावाच्या इतिहासकाराने १९६७ मध्ये 'सायन्स' मासिकात हेच मांडलं, की निसर्गाची वाट लागण्याचं मूळ या विचारात आहे. तुम्ही सोयीची ओळ उचललीत.

साकव

टोणगा, व्हाइटचा रोख मुख्यतः पाश्चात्त्य ख्रिस्ती परंपरेवर होता, पण ओळ दोघांची सामायिक आहे हे खरं. फक्त त्याच पुस्तकाचं पान उलटलं की २:१५ येतं: माणसाला बागेत ठेवलं ते तिची मशागत करायला आणि तिची राखण करायला. शेत आपलं नसताना राखणदार जे करतो ते. लेवीय २५:२३ मध्ये तर साफ म्हटलंय, जमीन माझी आहे, तुम्ही माझ्याकडे उपरे आणि पाहुणे आहात. म्हणजे सातबाऱ्यावर देवाचं नाव आणि आपण कुळं.

वांगमळा

मी शेतकरी, कवठेमहांकाळकडचा. मला एवढंच विचारायचंय, बैलाबद्दल काही आहे का? आमच्याकडे मळणीला बैलाच्या तोंडाला मुसकी बांधायची का नाही यावरून आज्जा आणि चुलता दरवर्षी भांडायचे. आज्जा म्हणायचा, त्याच्या मानेवर पिकलंय, दोन घास खाऊ दे. चुलता म्हणायचा, दोन घासांचं पायली होतंय.

साकव

वांगमळा, तुमच्या आजोबांची बाजू अनुवाद २५:४ मध्ये शब्दशः आहे: मळणी करणाऱ्या बैलाला मुसकी बांधू नकोस. पुढे रब्बींनी हे सगळ्या जनावरांना लागू केलं. अपवादही आहे. ते धान्य खाऊन जनावराला हगवण लागत असेल तर बांधायला हरकत नाही. बैल आणि गाढव एका नांगराला जुंपू नये, हेही तिथेच (२२:१०). आणि तालमूद म्हणतं, आधी जनावराला घाला, मग स्वतः जेवा. आधार काय, तर अनुवाद ११:१५ मध्ये 'तुझ्या गुरांसाठी मी रानात गवत देईन' हे आधी येतं, 'तू खाशील व तृप्त होशील' हे नंतर. शब्दांच्या क्रमावरून कायदा काढायची यांची खोड आहे.

वांगमळा

हगवणीचं बरोबर आहे. ओला हरभरा खाल्ला की फुगतोय बैल. लिहिणाऱ्याने बैल सांभाळलेला दिसतोय.

मलिदा

नमस्कार, साकवताई. मी इस्राएलमधल्या रामलाहून लिहितेय. आई-बाबा रेवदंड्याचे, इकडे आले तेव्हा मी दीड वर्षाची होते. घरात अजून मराठीच. 'शनवार तेली' वाचून डोळे भरले, पण तेलाचा घाणा मी स्वतः कधी पाहिला नाही.

झाडांचा विषय निघालाय तर 'तू बिश्वात' या सणाचं सांगते. शेवात महिन्याची पंधरावी, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतली पौर्णिमा, हा झाडांचा नववर्षदिन. मिश्नामध्ये (तालमूदाचा गाभा असलेल्या जुन्या कायदेसंग्रहात) याच्यावरूनही वाद आहे, शम्माई आणि हिल्लेल या दोन गुरूंच्या शिष्यांचा. शम्माईवाले म्हणतात १ तारीख, हिल्लेलवाले म्हणतात १५. आणि हा सण आधी सण नव्हताच, फळांवरचा दशमांश काढायला झाडाचं वर्ष कुठून मोजायचं त्याची तारीख होती. आर्थिक वर्षच म्हणा ना. शाळेची मुलं नेऊन झाडं लावायची पद्धत १८९० ची, झिख्रोन याकोव्ह गावातल्या एका शिक्षकाने सुरू केलेली.

आम्हा बेने इस्राएलांमध्ये मात्र त्या दिवशी एलियाहू हन्नाबीचा, म्हणजे संदेष्टा एलियाचा उरूस. अलिबागजवळ खंडाळ्याला खडकावर त्याच्या रथाच्या चाकाची आणि घोड्याच्या टापांची खूण आहे, तो तिथून स्वर्गात गेला असं आम्ही मानतो. मलिदा करायचा: धुऊन निथळलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर सुकामेवा, आणि भोवती फळं. प्रत्येक प्रकारच्या फळाला वेगळा आशीर्वाद म्हणायचा. झाडाच्या फळाला 'झाडाचं फळ निर्माण करणारा', जमिनीतून येणाऱ्याला 'जमिनीचं फळ निर्माण करणारा'. लहानपणी आमची परीक्षा व्हायची ती केळ्यावर. सगळी मुलं 'झाडाचं' म्हणायची आणि चुकायची. केळ्याचा आशीर्वाद जमिनीचा! कारण घड उतरवला की खांब मरतो, पुढच्या वर्षी त्याच फांदीला फळ येत नाही. वनस्पतिशास्त्रही केळीला झाड मानत नाही म्हणे. वाडीत राहिलेल्या माझ्या आजीला हे कोणी शिकवायची गरज नव्हती, ती दर वर्षी केळीचे खांब तोडत होती.

रानजाई

केळ्याचं भारीच! मी पक्षी बघते म्हणून घरट्याबद्दल थोडं. अनुवाद २२:६-७ म्हणतं, घरटं दिसलं तर अंडी किंवा पिल्लं घे, पण आईला आधी उडवून लाव, दोन्ही मिळून घेऊ नकोस. बदल्यात काय, तर 'तुझं भलं होईल आणि तुला दीर्घायुष्य मिळेल'. नाख्मानिडीज हे भाष्यकार म्हणतात, एखादी जात समूळ संपवण्यासारखं ते होईल म्हणून मनाई. तेराव्या शतकात हे सुचलं! पण मिश्नामध्ये उलट सूर आहे. प्रार्थनेत कोणी 'देवा, तुझी दया पाखराच्या घरट्यापर्यंत पोचते' असं म्हणायला लागला तर त्याला गप्प करा. म्हणजे हुकूम आहे म्हणून पाळा, गळा काढू नका.

आणि याच नियमावरून एका विद्वानाची श्रद्धा गेली अशी कथा आहे. बापाने सांगितलं म्हणून मुलगा झाडावर चढला, आईला उडवलं, पिल्लं घेतली, उतरताना पडून मेला. बापाचं ऐकणं आणि पाखराला सोडणं, दोन्हींचं फळ दीर्घायुष्य, आणि पोरगं जागच्या जागी गेलं. एलिशा बेन अबुया हे पाहून धर्म सोडून गेला म्हणतात. तालमूदाने ती गोष्ट झाकली नाही, हे मला मोठं वाटतं.

कोर्टाची पायरी

वकिली करतो, त्यामुळे मला तालमूदातलं बाबा बत्रा हे प्रकरण फार आवडतं. त्यात मेलेली जनावरं, थडगी, चामड्याचे कारखाने गावापासून ५० हात दूर, आणि चामड्याचा कारखाना फक्त पूर्वेला, कारण त्या देशात वारा बहुतेक पश्चिमेकडून येतो. खळंही ५० हात दूर, भुसा उडतो म्हणून. कबुतरखानासुद्धा ५० हात (दादरकरांनी नोंद घ्यावी).

खरी मजा पुढे आहे. शेजाऱ्याने पुष्कळ वर्षं एखादी गोष्ट चालवली आणि तुम्ही हरकत घेतली नाही तर वहिवाटीने त्याचा हक्क बसतो, हे तालमूदही मानतं. पण धूर आणि संडास यांना वहिवाट नाही. किती का वर्षं धूर सोडला असेना, हक्क बसत नाही. आता आपला १८८२ चा इझमेंट कायदा उघडा. कलम २८ मध्ये हवा-पाणी दूषित करण्याच्या वहिवाटी हक्काची व्याप्ती किती ते लिहिलंय, म्हणजे तसा हक्क असू शकतो हे गृहीतच धरलंय. पुढे १९७४ आणि १९८१ ला पाणी आणि हवेचे प्रदूषण कायदे आले तेव्हा कुठे त्याला वेसण बसली.

पण साकव, तुमच्या झाडप्रेमाला एक टाचणी. तिथेच लिहिलंय, झाडही गावापासून २५ हात दूर ठेवा. गाव आधीचं असेल तर झाड तोडा, भरपाई नाही. झाड आधीचं असेल तर तोडा आणि भरपाई द्या. कारण दिलंय गावाची शोभा! मोकळं दिसावं म्हणून.

साकव

टाचणी पोचली. :) मी ते वाचून मुद्दाम वगळलं होतं, पकडलंत.

त्यावर उतारा म्हणून दगडांची गोष्ट सांगते. एक माणूस आपल्या शेतातले दगड वेचून रस्त्यावर टाकत होता. जाणारा एक भला माणूस म्हणाला, 'अरे मूर्खा, जे तुझं नाही तिथले दगड जे तुझं आहे तिथे कशाला टाकतोस?' तो हसला. काही वर्षांनी शेत विकायची पाळी आली. त्याच रस्त्याने जाताना स्वतःच्याच दगडांना अडखळून पडला तेव्हा म्हणाला, बरोबर बोलला होता तो. शेत जातं, रस्ता राहतो. आमच्या गल्लीत गॅलरी धुऊन पाणी खाली सोडणाऱ्यांना हे कुठल्या भाषेत सांगायचं ते कळत नाही.

टोणगा

मी पुन्हा आलो. दोन मुद्दे.

एक, २ राजे ३:१९ वाचा. संदेष्टा अलीशा शेजारच्या मवाब राज्याविरुद्धच्या लढाईत काय सांगतो? प्रत्येक चांगलं झाड पाडा, सगळे झरे बुजवा, चांगली जमीन दगडांनी नासवा. पुढे भाष्यकारांनी 'मवाबपुरता अपवाद' म्हणून सारवासारव केली.

दोन, दर सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवायचा तो श्मिता. ऐकायला छान. पण १८८८-८९ पासून पळवाट तयार आहे. वर्षभरासाठी जमीन कागदोपत्री बिगरज्यूला 'विकायची' आणि शेती चालू ठेवायची. कर्जमाफीचंही तसंच. सातव्या वर्षी कर्ज बुडणार म्हणून कोणी गरिबाला उधार देईना, तेव्हा हिल्लेलने प्रोझ्बुल नावाचा दस्त काढून कर्ज न्यायालयाकडे वर्ग करायची सोय केली. कायदा तिथे पळवाट, हे आपल्याकडे काय आणि तिकडे काय.

मलिदा

टोणगासाहेब, पळवाटीबद्दल नाही म्हणत नाही. भांडणं तर इतकी की एकाच बाजारात एक जण विक्रीच्या परवानगीवालं घेतो आणि दुसरा त्याला हात लावत नाही. पण मागचं श्मिता, ज्यू पंचांगाचं ५७८२ वं वर्ष, म्हणजे सप्टेंबर २०२१ ते सप्टेंबर २०२२, मी स्वयंपाकघरात जगले आहे. त्या वर्षी आपोआप आलेलं फळ पवित्र, ते विकून नफा करायचा नाही, आणि फेकायचंही नाही. माझ्या शेजारणीच्या ओट्यावर वेगळा डबा होता, श्मिताचा डबा. संत्र्याची साल, गाजराचे शेंडे, ताटात उरलेली भाजी, सगळं त्यात. ते आपोआप कुजून खाण्याजोगं राहिलं नाही, की मगच कचऱ्यात. वास यायचा हो उन्हाळ्यात! पण वर्षभर तो डबा डोळ्यासमोर असला की भाजी चिरताना हात आपोआप पातळ साल काढतो. मी तो डबा ठेवत नव्हते, तरी माझाही हात बदलला.

पुढचं श्मिता सप्टेंबर २०२८ ला लागेल. आणि हे फक्त इस्राएलच्या भूमीत लागू, रेवदंड्याच्या वाडीला कधीच नव्हतं.

पाणकावळा

ग्रंथ बाजूला ठेवून प्रत्यक्षात काय झालं ते पाहू. उत्तरेला हुला नावाचं तळं आणि दलदल होती. १९५१ ते ५८ मध्ये ती उपसून कोरडी केली. मलेरिया जाईल, शेतजमीन मिळेल, हे कारण. म्हणजे बाल ताश्खीतच्या हिशेबात अगदी बसतं: दलदलीपेक्षा शेताचं मोल जास्त! पण खालची माती पीट, म्हणजे कुजक्या वनस्पतींची. सुकल्यावर ती खचली, आपोआप धुमसायला लागली, नायट्रेट वाहून खाली किन्नेरेत सरोवराकडे गेले. १९९४ मध्ये त्यातला थोडा भाग पुन्हा पाण्याखाली आणला, आता तिथे क्रौंच उतरतात. हुलाचा ठिपकेदार बेडूक १९९६ मध्ये नामशेष जाहीर झाला आणि २०११ मध्ये पुन्हा सापडला. त्याच उपशाला विरोध करताना १९५३ मध्ये तिथली निसर्गसंरक्षण संस्था उभी राहिली, हेही सांगायला हवं.

झाडांचंही तेच. ज्यू राष्ट्रीय निधी १९०१ चा. २४ कोटींहून जास्त झाडं लावल्याचं ते सांगतात. त्यात पाइनची एकसुरी लागवड बरीच. पाइनमध्ये राळ, वणवा लागला की भडकतो. काही बनं तर १९४८ मध्ये ओस पडलेल्या पॅलेस्टिनी गावांच्या अवशेषांवर उभी आहेत. आणि वेस्ट बँकमध्ये ज्यू वसाहतवाले पॅलेस्टिनी शेतकऱ्यांची ऑलिव्हची झाडं तोडतात, तेव्हा कुठे जातो तो पाव काव?

साकव

पाणकावळा, हुलाचं उदाहरण माझ्या मूळ लेखाच्या वर्मावर बसलं. मी हिशेबाचं कौतुक केलं. पण बेडकाला कावात मोजता येत नाही, तो त्या वहीत आलाच नाही.

ऑलिव्हबद्दल: १९८८ मध्ये स्थापन झालेली 'रब्बीज फॉर ह्यूमन राइट्स' ही संस्था ऑलिव्हच्या तोडणीच्या दिवसांत पॅलेस्टिनी शेतकऱ्यांबरोबर माणसं पाठवते. ते रब्बी आणि झाडं तोडणारे, दोघांच्याही घरात तोच अनुवाद २०:१९ असतो.

संपादक

पुढचे राजकीय प्रतिसाद वेगळ्या धाग्यावर. सहा उडवले आहेत.

रानजाई

वासराची गोष्ट राहिलीच. कापायला नेत असलेलं वासरू पळून रब्बी यहुदा हनासींच्या झग्यात तोंड लपवून रडायला लागलं. ते म्हणाले, 'जा, तू यासाठीच जन्मलास.' या एका वाक्यासाठी त्यांना तेरा वर्षं दुखणं भोगावं लागलं. मग एकदा मोलकरीण झाडताना मुंगसासारख्या एका प्राण्याची पिल्लं केरात लोटत होती, हे म्हणाले, राहू देत त्यांना, आणि दुखणं गेलं. लक्षात घ्या, वासरू कापलं म्हणून शिक्षा नाही. बोलणं चुकलं म्हणून.

वांगमळा

वासरू बाजाराला नेताना आमचा आज्जा कधीच बरोबर जायचा नाही. चुलत्याला पाठवायचा.

कुडाळदेशी

वाचनखूण साठवली. मलिदाताई, अवांतर आहे पण राहवत नाही. पोहे जाड की पातळ? आणि गूळ चालतो का?

मलिदा

जाड. धुऊन निथळत ठेवायचे, भिजत नाही घालायचे, नाहीतर लगदा होतो. आमच्याकडे साखर, पण आईची पेणची मावशी गूळ घालायची आणि त्यावरून दर उरुसाला दोघींचं वाजायचं. खोबरं मात्र ओलंच. इथे नारळ मिळतो, पण पाच आणले तर दोन खवट निघतात. खवट निघालेला मी टाकत नाही, तेल काढते थोडं. :)